कोमट पाणी आणि नवापूरची वाट

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आठवड्यात आमच्या चर्चच्या मंडळीतले काही जण नंदुरबारहून नवापूरला पायी जातात. आम्ही तिला वारीच म्हणतो. पालखी नसते. पुढे एक साधा लाकडी क्रूस, मागे टाळ, ढोलकी आणि भजनं. खांडबारा, विसरवाडी, चिंचपाडा, मग नवापूर. पहाटे अंधारात निघायचं, ऊन तापलं की सावली धरायची, उन्हं कलली की पुन्हा वाटेला लागायचं.

पहाटेचा टप्पा मला सगळ्यात आवडतो. मोहाच्या झाडांखाली बायका-पोरं टोपल्या घेऊन वाकलेली असतात. रात्रभर गळलेली फुलं ऊन लागायच्या आत वेचायची असतात. एका मावशीने माझ्या हातावर ओंजळभर फुलं ठेवली. ओलसर, गुबगुबीत, आत बारीक तुरे. तिने नखाने तुरे काढून दाखवले आणि म्हणाली, आता खा. गोडवा घशापर्यंत चिकटून राहिला. आम्ही कुठले, कुठे निघालो, हे तिने विचारलंच नाही.

यंदा माझ्या जोडीला एक निवृत्त सर होते. नाताळला आणि पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, ते चर्चमध्ये दिसतात, एरवी नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून आलोय, असं त्यांनी निघतानाच सांगून टाकलं. माणूस सरळ, वाचलेला, कुणाचं वाईट न चिंतणारा. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या भागात धर्माचा विषय निघाला की गावात दोन तट पडतात. अशा वेळी शहाण्याने कुठल्याच बाजूला उभं राहू नये. येशूला मानावं, पण मनातल्या मनात.

मी म्हटलं, "सर, मनातल्या मनात मानायला तो क्रुसावर मनातल्या मनात गेला नव्हता."

ते हसले. "नवापूर स्टेशनवरचं बाकडं बघितलंय ना? अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. त्यावर बसणाऱ्याचं काय बिघडतं?"

"बिघडत काहीच नाही. पण त्या बाकड्यावर बसणाऱ्याचंही रेशनकार्ड एकाच राज्याचं असतं."

सर ऐकणारे नव्हते. खांडबाऱ्याच्या अलीकडे त्यांनी गमलिएल काढला. बायबलातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, पाचवा अध्याय. येशूचे शिष्य, पेत्र आणि बाकीचे प्रेषित, यहुद्यांच्या न्यायसभेपुढे उभे आहेत, सभा त्यांच्या जिवावर उठली आहे, आणि हा गमलिएल, परुशी पंथाचा मानाचा शास्त्री, उठून सांगतो: यांच्या वाटेला जाऊ नका. हे माणसांचं असेल तर आपोआप मोडेल, देवाचं असेल तर तुम्हाला मोडता येणार नाही. "किती समतोल माणूस!" सर म्हणाले. "त्याच्यामुळे त्यांचे जीव वाचले."

खरं आहे, वाचले. त्या सल्ल्याबद्दल मलाही गमलिएलचा आदर वाटतो. पण मी सरांना पुढचंच वचन वाचायला सांगितलं. सभेने त्याचं ऐकलं, प्रेषितांना आत बोलावलं, फटके मारले आणि मग सोडलं. ज्यांचा गुन्हा ठरला नव्हता त्यांच्या पाठी सोलल्या गेल्या. "देवाचं असेल तर" असं म्हणणाऱ्याने ते देवाचं आहे का, हे स्वतःसाठी कधी ठरवलं, याबद्दल तिथे एक अक्षर नाही. दुसऱ्यांचा न्याय करताना थांबणं शहाणपणाचं आहे. स्वतःचा निर्णय मात्र असा थांबवून ठेवता येत नाही, कारण तो थांबवला तरी आयुष्य चालूच राहतं आणि ते कुठल्या तरी बाजूने जातच असतं.

दुपारी एका आंब्याखाली टेकलो. पाठीवरच्या प्लास्टिकच्या बाटल्या उन्हाने तापल्या होत्या. मी घोट घेतला आणि थुंकला. तेवढ्यात शेजारच्या घरातून एक आजोबा मडक्याचं पाणी तांब्यात घेऊन आले. "बठा भाऊ, पानी पी ल्या." आमचे पाळकसाहेब तांब्या हातात धरून लावदिकीया शहराबद्दल बोलायला लागले. बायबलाच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात, तिथल्या मंडळीला म्हटलंय: तू शीत नाहीस, उष्णही नाहीस, कोमट आहेस, म्हणून मी तुला तोंडातून टाकणार आहे. हे शहर आजच्या तुर्कस्तानात. एका अंगाला हियरापली, तिथे गरम पाण्याचे झरे, लोक दुखणी घेऊन जायचे. दुसऱ्या अंगाला कलस्सै, तिथलं पाणी थंड. लावदिकीयाला मात्र पाणी लांबून नळातून यायचं, त्या नळांत चुन्याचे थर साचलेले आजही दिसतात. शहर श्रीमंत होतं. इसवी सन 60 मध्ये भूकंपाने पडलं तेव्हा रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशाने उभं राहिलं.

मला वर्षानुवर्षं वाटायचं, उष्ण म्हणजे विश्वासू आणि शीत म्हणजे विरोधक. पाळकसाहेबांनी मांडलं ते वेगळं आणि मला पटलं. गरम पाणी दुखरं अंग शेकतं, थंड पाणी थकलेल्याला उभं करतं. दोन्ही कुणाच्या तरी उपयोगी पडतात. कोमटाने कुणाचंच काही होत नाही. मग निष्ठा म्हणजे आवाज चढवणं नव्हे. त्या आजोबांनी आवाज चढवला नव्हता, तांब्या आणला होता.

आणि निष्ठा म्हणजे गट धरणंही नव्हे. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा इकडे केवढा गहजब झाला. पण तिकडच्या धर्मगुरूंनी सांगितलेलं सगळं त्यांनी मान खाली घालून मान्य केलं, असंही नाही. त्यांच्याशीही वाद घातले. त्या कुठल्याच छावणीच्या नव्हत्या, तरी अलिप्तही नव्हत्या. दुष्काळातल्या पोरींना आणून केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये जेवू घालणारी बाई अलिप्त कशी असेल?

रात्री विसरवाडीत मुक्काम. भाकरी, तुरीचं वरण. अंथरुणं पडल्यावर सर हळू आवाजात बोलले. त्यांच्या ओळखीच्या एका गावात आमच्यातली एक म्हातारी वारली होती. गावातल्या काहींनी तिला गावच्या जागेत पुरू द्यायला नकार दिला. दोन्हीकडून सरांना बोलावणं आलं, कारण त्यांचा शब्द दोन्हीकडे चालायचा. सर गेले नाहीत. कुणाचीच बाजू घ्यायची नव्हती त्यांना. "मी घरात पेपर वाचत बसलो," ते म्हणाले. "तिला दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून लांब नेलं."

यावर मी काही बोललो नाही. त्यांना कोमट म्हणणं माझं काम नव्हतं. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, "जो मला अनुकूल नाही तो मला प्रतिकूल आहे." मार्कात म्हणतो, "जो आपल्याला प्रतिकूल नाही तो आपल्याला अनुकूल आहे." लोक याला विसंगती म्हणतात. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून वाचा. पहिलं वाक्य, येशू भुतांच्या अधिपतीच्या बळावर भुतं काढतो असं म्हणणाऱ्या परुश्यांना उत्तर देताना आलंय. त्याच्याबद्दल निर्णय टाळून मध्येच उभं राहता येत नाही, असं ते सांगतं. दुसरं शिष्यांना आहे, कारण आपल्या टोळीत नसलेला एक माणूस येशूच्या नावाने भुतं काढत होता आणि ते त्याला अडवत होते. पहिलं मी स्वतःला लावतो, आणि ते लावताना सूट घेत नाही. दुसरं शेजाऱ्याला. ही मापं उलटी वापरली की धर्माचं वाटोळं होतं. आपल्याला सवलत, दुसऱ्याची झडती. त्या म्हातारीच्या मातीपर्यंत गोष्ट गेली ती अशाच उलट्या मापाने.

दुसऱ्या दिवशी चिंचपाड्याच्या ख्रिस्ती हॉस्पिटलपाशी थांबलो. 1942 साली मिशनऱ्यांनी सुरू केलेलं. बाहेर झाडाखाली पाड्यांवरून आलेले लोक बसले होते. एक बाप पोराला खांद्यावर घेऊन, पोराचे डोळे पिवळट. या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी माहीत आहे, पावसाळ्यात सर्पदंश. आत येणाऱ्याचा देव कुठला, हे दारात कुणी विचारत नाही. आतली माणसं मात्र आपला प्रभू कोण, हे पक्कं ठरवून इथे राहिलेली आहेत. शहरात दुप्पट-तिप्पट मिळत असताना ती या आडबाजूला आहेत, ती काही तटस्थ राहून नाही. सर त्या बापाशेजारी बराच वेळ बसले. केसपेपरवर काय लिहिलंय, ते त्याला वाचून दाखवत होते.

नवापूरला उत्तम शुक्रवारची उपासना दुपारी तीनपर्यंत चालली. येशूच्या मरणाची जबाबदारी माझी नाही म्हणत रोमी सुभेदार पिलाताने हात धुतल्याचा भाग वाचायला सरांनी स्वतः मागून घेतला. वाचताना एकदा थांबले, मग पूर्ण केलं. संध्याकाळच्या गाडीने ते नंदुरबारला परतले.

आता मंडळीतले लोक मला विचारतात, सर पक्के झाले का, दर रविवारी येतात का, त्या गावाला पुन्हा गेले का. मला त्यातलं थोडंफार माहीत आहे. मी सांगत नाही. ज्याला विचारायचं असेल त्याने सरांना विचारावं, आणि त्याआधी पुढच्या वारीला आमच्याबरोबर चालायला यावं. निघायची जागा नंदुरबारच, वेळ पहाटेची. पाण्यासाठी प्लास्टिकची बाटली नको, कापडात गुंडाळलेली मातीची सुरई आणा.