झाकणाच्या आतल्या तारखा

शनिवार, १४ जून २०२५, डोंबिवली

आज एकदाचा घड्याळाचा सेल बदलला. अकरा दिवस बंद घड्याळ मनगटावर मिरवत होते. मोबाईलमध्ये वेळ दिसतेच, मग घाई काय, असं करत करत अकरा दिवस गेले. पण लोकलमध्ये उभं राहिलं की एक हात वरच्या कडीला आणि दुसरा पर्सवर. मोबाईल काढायला तिसरा हात आणायचा कुठून? कडीला धरलेलं मनगट मात्र बरोब्बर डोळ्यांसमोर येतं. तिथे अकरा दिवस चार वाजून दहा मिनिटं झालेली होती आणि मी तरी प्रत्येक स्टेशनला तिकडेच बघत होते. परवा शेजारच्या बाईंनीही चोरून माझ्या घड्याळात बघितलं आणि चांगल्याच दचकल्या.

घड्याळाने आधी सांगून बघितलं होतं म्हणा. मे महिन्यातच सेकंदकाटा चार-चार सेकंदांच्या उड्या मारायला लागला होता. मला वाटलं, कुठेतरी आपटलं असेल. सेल उतरत आला की काही क्वार्ट्झ घड्याळं मुद्दाम असा काटा चालवतात, हे आज कळलं. चार सेकंद गप्प, मग चार घरं एकदम. वेळ चुकत नाही, फक्त चाल बदलते.

आधी गेले होते एका चकचकीत शोरूममध्ये. काउंटरवरच्या मुलाने घड्याळ उलटसुलट केलं आणि म्हणाला, "मॅडम, ठेवून जावं लागेल. वर्कशॉपला पाठवतो, आठ दिवस." सेलसाठी आठ दिवस! पाणी शिरू नये म्हणून झाकण बसवल्यावर तपासणी करतात, ते ठीक. पण माझं घड्याळ काही समुद्रात उतरणार नाहीये. फार तर रिक्षाच्या रांगेत भिजेल.

मग नेहमीचे घड्याळजी. फडके रोडच्या आतल्या गल्लीत, जिन्याखाली, काचेच्या एका पेटीमागे. पूर्वी म्हातारे काका बसायचे, आता त्यांचा मुलगा बसतो. डोळ्याला भिंग लावलं, पात्याचं टोक खाचेत घातलं, टक्कन झाकण उघडलं. जुना सेल त्याने प्लास्टिकच्या चिमट्याने उचलला. समोर लोखंडी चिमटा पडलेला असताना हा कशाला, म्हणून विचारलं. "लोखंडी दोन्ही बाजूंना टेकला तर सेल शॉर्ट होतो ताई. नवीन सेल तर हातानेही धरायचा नाही, बोटाचं तेल लागतं." जुना सेल त्याने मीटरला लावून बघितला, माझ्याकडे बघून मान हलवली.

"साधा टाकू की चांगला?" हा प्रश्न इतकी वर्षं ऐकतेय, आज पहिल्यांदा फरक विचारला. साधा म्हणजे अल्कलाइन. त्याचा जोर हळूहळू उतरत जातो आणि पुढे गळायचीही भीती. चांगला म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड, १.५५ व्होल्टचा. तो शेवटपर्यंत जवळजवळ तेवढाच जोर धरून ठेवतो आणि मग एकदम बसतो. माझ्या घड्याळाला लागतो ३७७ नंबरचा, जेमतेम ६.८ मिलिमीटरचा. "सोनीचा द्या," मी सवयीने म्हटलं. तो हसला. सोनीने बॅटरीचा धंदा २०१७ मध्येच मुराताला विकला म्हणे. लोक अजून सोनीच मागतात, हा मुराताचा काढून देतो, कोणी तक्रार करत नाही. मीही केली नाही.

आत तांदळाच्या दाण्याएवढी एक चंदेरी नळी असते. तिच्यातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. त्याचे पंधरा वेळा निम्मे केले की उरतो एक, तोच आपला सेकंद. संध्याकाळी लेकीला हे गणित घातलं, तर तिने १,०२४ पर्यंत येऊन "पुढचं मला पाठ आहे" म्हणून सोडून दिलं.

पण मला आज खरी गंमत वाटली ती झाकणाची. पालथं पडलं होतं म्हणून आतली बाजू दिसली. सुईने ओरखडलेले आकडे: १२, १५, १८. ते काकांचे. त्याखाली काळ्या मार्करने ८/२१ आणि ७/२३. ते मुलाचे. प्रत्येक सेलची तारीख ते आत लिहून ठेवतात, हे मला माहीतच नव्हतं. ८/२१ वाचलं आणि लगेच आठवलं. दोन डोस झालेल्यांना लोकलमध्ये घ्यायला लागले, तो ऑगस्ट. कपाटातून घड्याळ काढलं तर बंद. कधी बंद पडलं, कोणाला ठाऊक? त्या काळात घरात वेळ विचारतच कोण होतं! तेव्हा हा मुलगा माझ्यावर चिडला होता, वापरत नसाल तर सेल काढून ठेवत जा, आत गळला असता म्हणून.

काका कसे आहेत विचारलं. मोतीबिंदूनंतर राजापूरलाच असतात. रोज फोन करून विचारतात, भिंग पुसलंस का.

त्याने ६/२५ लिहिलं, फुंकर मारली. मी म्हटलं, जागा संपत आली की हो. "अजून दोन बसतील," तो म्हणाला, "बारीक लिहिलं तर."

झाकण दाबून बसवलं, मोबाईलमध्ये बघून अगदी सेकंदाला सेकंद वेळ लावून दिली. रिक्षात बसल्यावर मी चावी ओढली आणि काटा नेहमीसारखा पाच मिनिटं पुढे सरकवला.