कॉम्प्युटर चावतोय

१२ मे

आज पहाटे महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मिरजेला उतरले. घरी जोडायच्या नव्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डचा खोका रात्रभर उशाशी होता. प्रोसेसर पर्समध्ये, कुंकवाच्या करंड्याएवढ्या डबीत. कॅबिनेट तेवढं सांगलीतून घेतलं होतं. एवढं धूड गाडीत कुठं घालणार?

पार्ट ऑनलाइनही मिळतात, तरी वर्षा-दोन वर्षांनी एकदा मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडला गेल्याशिवाय मला चैन पडत नाही. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण ग्रँट रोडला उतरून तुम्ही ते नाव विचारलंत तर माणसं क्षणभर विचारात पडतात. काउंटरवरच्या पोरांना नुसता चिपसेट सांगितला की कुठली रॅम चालेल, कुठली अडेल, हे ती पुठ्ठ्याचा खोका कापता कापता सांगतात. तिथं उभं राहून ऐकणं हीच माझी शिकवणी.

रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेतला. त्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे, वेगळं कार्ड लागत नाही. ते ग्राफिक्स आपली मेमरी मुख्य रॅममधूनच घेतं, म्हणून सोळा जीबीची एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घेतल्या. दोन वाटांनी डेटा गेला तरच त्या ग्राफिक्सचा जीव मोकळा होतो.

जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून दुपारी जोडणी केली. बटण दाबलं, पंखे फिरले, डिस्प्ले नाही. बोर्डवर डीरॅमचा, म्हणजे रॅमची अडचण दाखवणारा, दिवा लागलेला. पट्ट्या काढल्या, पुन्हा दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये दाबल्या. या वेळी दोन्ही बाजूंनी ‘टक्’ ऐकू येईपर्यंत दाबल्या. तरी पडदा काळाच. खोलायला हात पुढं केला आणि थांबले. नवा बोर्ड पहिल्यांदा रॅमशी जुळवून घेताना अर्धा-पाऊण मिनिट घेतो. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसले. आला डिस्प्ले.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “झालं का तुझं बाळंतपण?”

१३ मे

हे सगळं कशासाठी, ते इथं लिहून ठेवते.

बाबांच्या सत्तेचाळीस कॅसेट आहेत. मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. तिथं बाबा टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन रात्र-रात्र बसायचे. काही कॅसेटवर तारीख आहे, काहींवर नुसतंच ‘पहाटेचा’. फीत सैल पडायच्या आत हे सगळं कॉम्प्युटरवर उतरवायचं आहे.

जुन्या मशीनवर सुरुवात केली होती. २००९ मधला कोअर टू डुओ, दोन जीबी डीडीआर-टू रॅम. दुकानातल्या मुलानं माझ्यासमोर असेंबल केला होता आणि पहिल्यांदा मला कळलं की ज्याला सगळे सीपीयू म्हणतात तो खोका म्हणजे सीपीयू नव्हेच. तो तर पंख्याखाली दडलेला एक चौकोन. त्या दिवसापासून मी कॅबिनेटचं झाकण कधी पूर्ण स्क्रू लावून बंद केलं नाही. २०१३ मध्ये प्रोसेसरशेजारचे चार कॅपॅसिटर डोक्यावर फुगले, मशीन तासाभरानं बंद पडू लागलं. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, १०५ अंश सोसणारे नवे आणून डाग दिले. माझं आयुष्यातलं पहिलं सोल्डरिंग. डाग ओबडधोबड होते, पण तो बोर्ड अजून चालतो. आता मात्र रेकॉर्डिंग मध्येच अडकतं, आवाजात खाचा पडतात. त्याला विश्रांती द्यायची वेळ झाली होती.

१५ मे

कॅसेट डेकची वायर मागच्या निळ्या लाइन-इनमध्ये, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या भोकात, घातली. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, पहिली कॅसेट लावली. गाण्याखाली ‘हंऽऽऽ’ असा जाड आवाज. सुरुवातीला तंबोराच वाटला, मग लक्षात आलं की कॅसेट थांबवली तरी तो चालूच आहे.

वायर हलवून बघायला कॅबिनेटच्या मागं हात घातला आणि बोटांच्या पाठीला मुंग्यांची रांग चावल्यासारखं झालं. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आई केर काढताना अनवाणी होती, तिचा घोटा कॅबिनेटला लागला. “बाई गं, चावतोय की हा!”

मल्टिमीटर काढला. कॅबिनेटचा स्क्रू आणि न्यूट्रल यांच्यामध्ये १०४ व्होल्ट.

१६ मे

रात्री झोप लागली नाही. सकाळी वही घेऊन बसले.

एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यात, वीज शिरते तिथं दोन बारके कॅपॅसिटर असतात. एक फेजपासून कॅबिनेटच्या पत्र्याला, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्याला. आतली गडबड, म्हणजे वेगानं उघडमीट करणाऱ्या स्विचिंगचा गोंगाट, त्यांनी अर्थिंगमध्ये सोडून द्यायचा असतो. पण अर्थिंगच नसेल तर? मग दोन सारख्या कॅपॅसिटरच्या मधोमध पत्रा लोंबकळत राहतो, २३० च्या साधारण निम्म्यावर. करंट एक मिलीअँपिअरच्याही आत, म्हणून झटका बसत नाही, नुसतं चावतं. आवाजातली ती ‘हं’ही तिथलीच. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या कंपनसंख्येचा आवाज किती याचा आलेख, काढला तर ५० हर्ट्‌झवर सुळका, मग १०० वर, १५० वर.

म्हणजे अर्थिंग गेलं असणार. पण तीन पिनांच्या सॉकेटची अर्थ पिन आणि कॅबिनेट यांच्यात मीटर ‘बीप’ देतो. सॉकेट ते फ्रिज बीप, सॉकेट ते गिझर बीप. वायर कुठंच तुटलेली नाही. मग दोष मशीनमध्येच असणार, असं ठरवलं. इथं मी चुकले.

१९ मे

जुन्या मशीनचा एसएमपीएस नव्याला लावून बघितला. तरी चावतो. म्हटलं, बोर्डखालचा एखादा पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड उचलून धरणारा टेकू, चुकीच्या जागी टेकत असेल. सगळं खोललं.

कूलर सरळ वर ओढला आणि त्याच्यासोबत प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून आला. लॉकची दांडी तशीच बंद. दोघांमधली थर्मल पेस्ट थंड होऊन चिकटली होती. मशीन आधी दहा मिनिटं चालवून कोमट करायचं आणि कूलर ओढायच्या आधी डावी-उजवीकडं हळू पिळायचा, हे मला माहीत होतं. घाईत विसरले.

या प्रोसेसरला पोटाखाली १३३१ पिना असतात. कोपऱ्यातल्या तीन वाकल्या. हात थरथरायला लागले म्हणून तो पालथा डबीत ठेवून अर्धा तास गॅलरीत जाऊन बसले. मग लेड पेन्सिलमधली लेड काढून टाकली, तिचं पोकळ टोक एकेका पिनेवर चढवलं आणि केसाएवढं केसाएवढं सरळ केलं. खिडकीच्या उजेडात डोळा तिरका लावून ओळ बघायची, पुन्हा थोडं. दोन तास गेले. सॉकेटमध्ये सोडला तेव्हा आपल्या वजनानं आत बसला. बसायलाच हवा, दाबावा लागला तर समजायचं की एखादी पिन अजून वाकडी आहे.

आमच्या गावात सतार-तंबोरे करणारी घरं आहेत. लहानपणी बाबांबरोबर तिथं जायचे. जवारी, म्हणजे तारेचा झंकार, काढणारा कारागीर तारा टेकतात त्या घोडीवर कानस दोनदा फिरवायचा, तार छेडायचा, ऐकायचा, पुन्हा दोनदा फिरवायचा. तेव्हा मला कंटाळा यायचा. आज पिना सरळ करताना त्या कारागिराची ती मान वाकडी करून ऐकण्याची ढब सारखी डोळ्यासमोर येत होती.

मशीन चालू झालं. चावणं तसंच.

८ जून

मृग लागला आणि दुपारी तीन तास कोसळला. अंगणातली काळी माती मे महिन्यात बोट जाईल एवढी भेगाळली होती, ती फुगून एक झाली.

संध्याकाळी मशीन लावलं. सवयीनं हाताची पाठ पत्र्याला टेकवली. काही नाही. चप्पल काढून ओल्या पायानं टेकवली. काहीच नाही. मीटर लावला: अर्थ ते न्यूट्रल ९ व्होल्ट. डेकची ‘हं’ही निम्म्यावर आलेली.

मी मशीनमधला एक स्क्रूसुद्धा हलवलेला नाही. बदललंय ते फक्त बाहेर.

मे महिन्यातला ‘बीप’ आता कळतोय. सॉकेट, फ्रिज, गिझर, कॅबिनेट सगळे एकमेकांना जोडलेले आहेत, पण जमिनीला त्यांच्यापैकी एकही नाही. सगळ्यांनी हात धरलेत आणि शेवटच्याचे पाय हवेत. आणि यातला एखादा खरोखर शॉर्ट झाला असता, गिझरचं कॉइल फुटलं असतं, तर घरातला प्रत्येक पत्रा फेजवर गेला असता. आई अनवाणी केर काढते. हे डोक्यात आल्यावर जेवण गेलं नाही. गिझरचा प्लग काढून ठेवला.

१० जून

वायरमन काका आले. त्यांना मीटरचं रीडिंग दाखवलं: फेज ते अर्थ २२२ व्होल्ट, म्हणजे अर्थिंग आहे की नाही? त्यांनी मीटरकडं बघितलंच नाही. पिशवीतून होल्डरला लावलेला शंभरचा पिवळा बल्ब काढला, एक वायर फेजला, एक अर्थला. बल्ब पेटलाच नाही. “मीटरला काय, पाण्याचा थेंब दिला तरी भागतंय. ह्याला घागर लागती. अर्थिंग तुटलंय ओ ताई.”

एवढं नेमकं मला कुठल्याही व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं. मीटर इतका कमी करंट ओढतो की ओल्या मातीतून झिरपणारी वाटही त्याला पुरते आणि तो ऐटीत २२२ दाखवतो. बल्बला जवळजवळ अर्धा अँपिअर लागतो, तिथं त्या वाटेचं पितळ उघडं पडतं.

घरामागं नारळाजवळ सिमेंटचं झाकण आहे. इतकी वर्षं मी त्यावर कुंडी ठेवत होते. झाकण काढलं. घरातून आलेली अर्थिंगची जीआय वायर, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी तार, पाइपाच्या नटबोल्टापाशी गंजून तुटली होती आणि तिचं टोक मातीत नुसतं पडलेलं. माती सुकली की टोक कोरडं, पाऊस आला की ओल्या चिखलातून कशीबशी ओळख. शिवाय काळी माती उन्हाळ्यात आकसते, जमिनीत पुरलेल्या त्या पाइपापासून बोटभर सुटते, त्यामुळं पाइपही बिनकामाचा झाला होता.

काकांनी नवा अडीच मीटरचा पाइप उतरवला, भोवती कोळसा आणि जाड मिठाचे थर दिले. वर नरसाळं. “उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली घालायची, तुळशीला घालता तशी.” आई म्हणाली, तुळशीचं पाणी घालायचं माझ्याकडं, तर हेही माझ्याकडंच.

पुन्हा बल्ब लावला. भर दुपारी डोळ्यावर आला. अर्थ ते न्यूट्रल १.२ व्होल्ट. मग घराच्या विजेच्या बोर्डावर तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, बसवून घेतला. आता फेजमधून गेलेलं सगळं न्यूट्रलनं परत आलं नाही तर तो निमिषात पडेल. टेस्टचं बटण मी तीनदा दाबलं, तीनदा पडला. काकांनी चौथ्यांदा हात धरला.

कुणी नवं मशीन जोडत असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे, पेस्ट कुठली आणि पंखे किती हे नंतर बघा, आधी त्या बल्बवाल्याला घरी बोलवा.

१४ जून

रात्री साडेनऊला ‘पहाटेचा’ लावली. मध्ये काही नाही, नुसता फितीचा सळसळाट. स्पेक्ट्रममध्ये पन्नासचा सुळका नावापुरता उरलाय, तो बहुतेक त्या वेळच्या रेकॉर्डिंगमध्येच असणार. त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं. फिल्टर मारून तो काढता येईल, पण त्याच्यासोबत खर्जाचं काय काय जाईल, सांगता येत नाही.

गाणं सुरू व्हायच्या आधी बराच वेळ नुसता तंबोरा वाजतोय. मागं कुणीतरी खोकतं, सतरंजी ओढल्याचा आवाज, लांबवर एसटीचा हॉर्न. जुन्या मशीनवर यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं.

आई दारात येऊन उभी राहिली. पदराला हात पुसत मिनिटभर ऐकलं.

“जवारी उतरलीय त्या तंबोऱ्याची,” ती म्हणाली आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली. “थांब, आता ते लावून घेतील बघ.”