‘पडली’ असं मी सांगितलं

रात्रीचे पावणेबारा. दोघी झोपल्यात. मला काही झोप येत नाहीये, म्हणून वही काढली.

झालं ते सगळं दोन सेकंदांत. जिन्यात लेक बसकण मारून बसली. वय सव्वादोन. या वयात बसकण हाच युक्तिवाद असतो आणि त्याला उत्तर नसतं. मला उशीर होत होता. आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग तिचं डावं मनगट धरून वर ओढलं. जोरात ओढलं का? आता वाटतं, हो. तेव्हा वाटलं होतं, रोजच्यासारखंच. मी वर खेचलं आणि नेमकं त्याच क्षणी तिनं अंग सैल सोडलं. मग ती किंचाळली.

रडणं पाचेक मिनिटांत ओसरलं, आणि खरा घाबरलो तो तेव्हा. कारण हात तसाच राहिला. पोटाशी घेतलेला, कोपरात जरासा वाकलेला, तळवा खाली वळलेला. जणू कुणाचा तरी हात तिच्याकडे सांभाळायला दिलाय. सूज नाही, खरचटलेलं नाही, काळंनिळं काही नाही. उजव्या हातानं तिचं सगळं नीट चाललेलं. डाव्याला नुसतं बोट लावलं की मात्र ओठ थरथरायला लागायचे.

हिला फोन केला. म्हणालो, “जिन्यात पडली गं. हात हलवत नाहीये. कॅज्युअल्टीत नेतोय.”

पडली. असा शब्द आधी ठरवला नव्हता. तो आपसूक आला आणि त्याच्यामागे मला लपता आलं.

लेकीला घेऊन कॅज्युअल्टीत जायची ही पहिलीच वेळ. माझ्या डोक्यात होतं की दारात पाऊल टाकलं की चार माणसं धावत येतील. दारातल्या सिस्टरनी आधी माझ्याकडे पाहिलंच नाही, तिच्याकडे पाहिलं. बोटं गरम आहेत ना, मनगटाची नाडी लागतेय ना, एक नख दाबून सोडल्यावर रंग लगेच परत येतोय ना, हे बघितलं. “काय झालं?” “पडली.” लिहून घेतलं. “वजन किती?”

मला माहीत नव्हतं. गाडीच्या टायरमध्ये हवा किती भरायची ते मला पाठ आहे. लेकीचं वजन नाही. “तेरा असेल,” म्हणालो. काट्यावर साडेअकरा भरलं. लहान मुलांचं दुखण्याचं औषध किलोच्या हिशेबानं देतात, तेव्हा माझ्या अंदाजावर तिला डोस दिला नाही हे बरंच झालं. “शेवटचं कधी खाल्लं?” हेही नीट सांगता येईना. भूल द्यायची वेळ आलीच तर पोट रिकामं आहे का, हे त्यांना कळायला लागतं. मला वाटलं, सहज विचारतायत.

मग “बसा” म्हणाल्या. बसलो. पन्नास मिनिटं. आमच्यानंतर आलेले एक गृहस्थ, छातीवर हात धरलेले, सरळ आत गेले. मग एक तान्हं बाळ, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात होत्या, तेही आत गेलं. पहिली दहा मिनिटं मी मनातल्या मनात भांडत होतो. त्या बाळाच्या आईचा चेहरा पाहिल्यावर भांडण आपोआप बंद पडलं. इथं थांबायला सांगतात ते थांबू शकणाऱ्यांनाच.

त्या पन्नास मिनिटांत लेक मांडीवर बसून एकदम स्पष्ट आवाजात म्हणाली, “बाबा ओढ.”

शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं. मी मोबाइलवर तिचं आवडतं गाणं लावलं, गरजेपेक्षा जरा मोठ्यानं.

डॉक्टर तरुण होत्या. दिवसभर उभ्या असाव्यात, पण आवाजात घाई नव्हती. लेकीसमोर गुडघे टेकून बसल्या. दुखऱ्या हाताकडे गेल्याच नाहीत. आधी उजवा हात, मग गळ्याचं हाड, खांदा, दंड, मनगट, एकेक जागा हलकेच दाबत आल्या. कोपर सगळ्यात शेवटी. मग मला विचारलं, “कशी पडली?”

“जिन्यात.”

“किती पायऱ्या?”

मी गप्प.

“हे बघा,” त्या म्हणाल्या, “पडली असेल तर कोपराजवळ हाड मोडलेलं असू शकतं. मग आधी एक्स-रे, आणि तो येईपर्यंत मी हात फिरवणार नाही. पण हात ओढला गेला असेल तर गोष्ट वेगळी. ओढला गेला होता का?”

“ओढला,” मी म्हणालो. “मी ओढला.”

त्यांनी मान डोलावली आणि कागदावर एक ओळ खोडली. बस्स, एवढंच. मी किमान एका कटाक्षाची तयारी ठेवली होती, तोही मिळाला नाही. सांगितलेली हकीकत आणि दुखापत जुळते का हे पाहणं त्यांच्या कामाचा भागच असतो, हे घरी येताना लक्षात आलं. जिन्यावरून पडलेल्या पोराच्या अंगावर एकही ओरखडा नाही, हे त्यांना बघताक्षणीच खटकलं असणार.

मग त्यांनी स्वतःच्या हातावर दाखवत समजावलं. कोपराखाली दोन हाडं असतात. अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचा वरचा गोल शेंडा एका कड्यासारख्या पट्टीनं जागेवर धरलेला असतो. लहान मुलांत ही पट्टी सैल असते. सरळ हात मनगटाला धरून खेचला की ती घसरते आणि सांध्यात अडकते. एक ते चार वर्षांच्या मुलांत हे फार होतं, पाचनंतर क्वचित. हात धरून गोल फिरवताना, ठेचकाळताना सावरायला गेल्यावर, बाहीतून हात ओढून काढतानाही होतं. डावा हात जास्त वेळा सापडतो, कारण मोठी माणसं बहुतेक उजव्या हाताची, आणि त्यांच्या उजव्या हातात मुलाचा डावा. एक्स-रेत यातलं सहसा काही दिसतच नाही.

इंग्रजीत याला ‘नर्समेड्स एल्बो’ म्हणतात, म्हणजे दाईनं ओढलेला कोपर. नाव ठेवणाऱ्यानं दोष कुणाच्या माथी मारायचा हे बरोबर शोधून ठेवलंय. बापाचं नाव यात कुठंच नाही. मला ती युक्ती चांगलीच ओळखीची वाटली.

लेकीला मांडीवर घट्ट धरायला सांगितलं. डॉक्टरांनी एका हातानं कोपर तळहातात घेतलं, अंगठा बाहेरच्या बाजूला टेकवला, दुसऱ्या हातानं मनगट धरून तळवा खाली, आणखी खाली वळवला. ‘टक्’ झालं. मला ऐकू आलं नाही, त्यांच्या अंगठ्याला जाणवलं. लेक जिवाच्या आकांतानं ओरडली. “झालं,” म्हणाल्या आणि उठून दुसऱ्या खाटेकडे गेल्या. “दहा-पंधरा मिनिटं बघू. हात तिनं आपणहून उचलायला हवा. तुम्ही उचलायचा नाही.”

तेवढ्यात ही आली. दोघं समोर बसून त्या हाताकडे बघत राहिलो. सिस्टरनी डाव्या बाजूनं टॉर्च पुढे केला. लेकीनं तो उजव्या हातानं अंग वळवून घेतला. पाच मिनिटं गेली. मी किल्ल्या पुढे केल्या, त्या घ्यायला टॉर्च मांडीत टाकला आणि पुन्हा उजवा हातच पुढे आला. आठ मिनिटं. दुसऱ्यांदा करावं लागलं तर, असं मनात आलं आणि मी खाली वाकून तिच्या चपलेचा पट्टा नीट करू लागलो, पट्टा नीटच होता. वाकलेल्या माझ्या नाकावरचा चष्मा कुणीतरी खेचला.

डाव्या हातानं.

रोज यावरून मी तिच्यावर ओरडतो. काचेवर ओरखडे आहेत, दांडी एकदा बदलून झालीये. आज म्हटलं, मोड बाई.

निघताना डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या: उचलताना काखेत हात घाला, आणि हे परत होऊ शकतं, तेव्हा तिनं हात पुन्हा असा पोटाशी धरला तर वेळ न घालवता या. जिना चढताना लेकीनं सवयीनं डावा हात वर केला. मी तो धरला नाही, बोट पुढे केलं. तिनं धरायचं, हवं तेव्हा सोडायचं. आम्ही फार वेळानं वर पोचलो.

ती झोपल्यावर हिला सांगितलं. पडली नव्हती, मी ओढलं होतं.

“कळलं मला,” ही म्हणाली. “आल्यापासून तीनदा सांगितलंय तिनं.” मग दिवा मालवताना म्हणाली, “पण अरे, फोनवर मला का नाही सांगितलंस?”

डॉक्टरांना सांगायला मला तासभर लागला, हिला चार तास. हे का ते तिला सांगता आलं नाही, इथंही लिहिता येत नाहीये.

आत्ता कूस बदलल्याचा आवाज आला. ती डाव्या हातावर झोपलीये का, ते एकदा बघून येतो.