फलटणच्या तळावरची टिटवी

नीरेत माऊलींच्या पादुकांना स्नान झालं आणि पाडेगावला पालखी सातारा जिल्ह्यात आली की मला घरी आल्यासारखं वाटतं, आम्ही कोरेगाव तालुक्यातले. वारीत पक्षी बघायचे असं काही ठरवलं नव्हतं, दुर्बीणसुद्धा घरीच ठेवलेली, पण डोळ्याची सवय जात नाही. लोणंदला एका वखारीच्या पत्र्याखाली भर दुपारी पिंगळ्याची जोडी दिसली, खालून भजन चाललंय आणि दोघं माना वाकड्या करून बघतायत. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण सुरू होतं, सगळ्यांची नजर अश्वावर, आणि वर विजेच्या तारेवर चातक! काळापांढरा, डोक्यावर तुरा. आफ्रिकेतून समुद्र ओलांडून पावसाच्या वाऱ्याबरोबर येतो हा, आणि अंडी सातभाईच्या घरट्यात घालतो. शेजारच्या आजोबांना दाखवला तर म्हणाले, "आरं, ह्यो खरा असतो व्हय? मला वाटायचं नुस्ता अभंगातलाच."

पण सांगायचंय ते फलटणचं.

तरडगावहून निघताना माझ्या पायाला मोठे फोड आलेले, विणेकरी काका म्हणाले आज ट्रकबरोबर पुढं जा. चालणं चुकलं म्हणून फार वाईट वाटत होतं. फलटणला माऊलींचा तळ विमानतळाच्या माळावर असतो, आमची पोरं तिथं तंबू ठोकायला लागली आणि एक टिटवी नुसती डोक्यावरून घिरट्या घालत ओरडायला लागली. हाकलली तरी जाईना. मग जमिनीवर उतरून पंख मोडल्यासारखी फरफटत चालली, तेव्हा मी ओरडलोच, "माऊली थांबा, पाय जागेवरच ठेवा!" कारण टिटवी असं सोंग करते ते अंड्यांपासून लांब न्यायला. शोधायला दहा मिनिटं गेली. एक पोरगा खुंटी ठोकायला वाकलेला, त्याच्या पायापासून हातभर अंतरावर चार अंडी, टोकं आत केलेली, मातकट रंगावर काळे ठिपके, भोवती बारीक खडे. बघता बघता खड्यात मिसळून जायची.

मावशी म्हणाल्या टिटवी वरडनं चांगलं नसतं बाबा. मी म्हणलं मावशी, ती आपल्याला अपशकुन करत नाही हो, लेकरांसाठी ओरडतीय. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांनीच तंबू पंधरा पावलं मागं घ्यायला लावला. आम्ही चार काठ्या रोवल्या, सुतळी बांधली, काठ्यांना पताका लावल्या. लोक जवळ येऊन फोटो काढायला लागले तेव्हा मात्र मला राग आला, कारण पक्षी उठला की उन्हात अंडी तापतात आणि आतला जीव जातो. हात जोडून एकेकाला लांब केलं.

अर्ध्या तासानं ती बसली. आणि नंतर जे बघितलं ते मी फक्त ऐकून होतो. टँकरच्या नळाखाली डबकं साचलेलं, बाया तिथं हंडे भरत होत्या, त्या गर्दीत ही बाई टुकूटुकू चालत आली, डबक्यात पोट टेकवून पिसं भिजवली आणि तशीच ओल्या पोटानं जाऊन अंड्यांवर बसली. अंडी गार ठेवायला. दुपारभर तीन वेळा गेली. जोडीदार तोवर सुतळीपाशी उभा.

संध्याकाळी पालखी तळावर आली. समाजआरतीला चोपदारांनी चोप वर केला, 'होऽऽ' झालं, आणि इतका वेळ वाजणारे हजारो टाळ एका क्षणात बंद. ज्यांनी ती शांतता अनुभवलीय त्यांना माहितीय, अंगावर काटा येतो. त्या शांततेत आमच्या तंबूकडून एकदाच आवाज आला, टिटिव टिटिव. मावशींनी माझ्याकडं बघितलं आणि पदर डोळ्याला लावला.

रात्री दोनदा बॅटरी खाली धरून सुतळी बघून आलो, एकदा रिमझिम होती, ती बसूनच होती.

पहाटे बरडकडं निघायचं म्हणून तंबू सुटले. काठ्या-पताका तशाच ठेवल्या. टँकर रात्रीच गेलेला, डबकं आटत आलेलं. ट्रकमधी सामान चढवताना मावशी म्हणाल्या थांबा रे जरा, आणि हंड्यात उरलेलं सगळं पाणी नेऊन त्या डबक्यात ओतलं.