पहिली आरती फकिराच्या दारात

यंदा पहिल्यांदाच तुकोबांच्या पालखीसोबत चाललो. पूर्ण नाही हां, सुट्टीच नव्हती, देहू ते पुणे एवढंच. प्रस्थानाच्या दुसऱ्या दिवशी इनामदार वाड्यातून पालखी निघाली आणि गर्दी अशी की आपण चालतोय की मागचा ढकलतोय तेच कळेना. थोडं चाललो न चाललो तोच पालखी थांबली. मला वाटलं पुढे ट्रॅफिक वगैरे असेल. शेजारच्या तुळसवाल्या मावशी म्हणाल्या, "माउली, अनगडशाबाबाचा दर्गा हाय न्हवं, पहिली आरती हितंच असती."

मला खरंच माहीत नव्हतं. १६८५ला तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराजांनी सुरू केलेला पालखी सोहळा, आणि त्याची वाटेवरची पहिली अभंग आरती एका फकिराच्या दर्ग्यापाशी! अभंग, टाळ, पखवाज, सगळं तिथंच.

मग आकुर्डीच्या वाटेवर मावशींनी गोष्ट सांगितली. वाघोलीचे रामेश्वरभट्ट, ज्यांच्यामुळे गाथा इंद्रायणीत बुडवावी लागली, ते पुण्यात ह्या फकिराच्या पाण्यात न विचारता आंघोळीला उतरले, फकीर चिडला, शाप दिला आणि भट्टांच्या अंगाची जी आग व्हायला लागली ती थांबेचना, ओली वस्त्रं गुंडाळून आळंदीला जाऊन बसले बिचारे. शेवटी तुकोबांनीच अभंग पाठवला, 'चित्त शुद्ध तरी शत्रु मित्र होती', आणि दाह शमला. आपला शाप उतरवणारा हा कोण म्हणून फकीर तडक देहूत, हातात कटोरा, तो काही केल्या भरायचाच नाही. तुकोबांच्या लेकीने चिमूटभर पीठ टाकलं तर कटोरा भरून वाहायला लागला. फकीर गार! तिथून दोघांची दोस्ती. आता ही दंतकथा आहे, आंघोळ नक्की कुठे केली ह्यावर मावशी आणि त्यांच्या जाऊबाई दहा मिनिटं भांडल्या, एक म्हणे विहीर, दुसरी म्हणे झरा.

माझं डोकं मात्र त्या लहान पोरीत अडकलं. सगळ्या गोष्टीत तिचंच काम सगळ्यात सोपं, दारात माणूस आलाय तर पीठ घाल.

आकुर्डीत पोचेपर्यंत दोन्ही टाचांना फोड. संध्याकाळी आमच्या दिंडीत 'आरती तुकारामा' सुरू झाली, लहानपणापासून पाठ आहे, पण शेवटी 'म्हणोनि रामेश्वरे चरणी मस्तक ठेविले' आलं आणि मी म्हणायचाच थांबलो. अरे, हे तेच भट्ट! मावशींकडे बघितलं तर त्या डोळे मिटून टाळ्या वाजवत होत्या.