डावातली बोलणी आणि लढाईचा वृत्तांत

ऑनलाइन युद्धखेळाच्या स्पर्धेत पटावरच्या चालींइतकीच खेळाडूंमध्ये मधूनमधून होणारी बोलणी मला रंजक वाटतात. म्हापशाचा आमचा एक गडी स्वतःची तुकडी नदीपलीकडे अडकलेली असतानाही प्रतिस्पर्ध्याला पावसाची आणि गेलेल्या विजेची हकिकत सांगत बसतो. ती खरी की निव्वळ वेळकाढूपणा, हे ओळखणे हादेखील खेळाचाच भाग आहे. १८२४ साली प्रशिया या जर्मन राज्याच्या सैन्यासमोर तिथले लष्करी अधिकारी राइसवित्झ यांनी मांडलेल्या युद्धखेळात खेळाडूंचे हुकूम पंचाकडे जात आणि फाशांच्या आधारे तो नुकसान ठरवी. आमच्याकडे ते काम संगणक करतो.

डाव संपल्यावरचा लढाईचा वृत्तांत मात्र बहुधा जेता लिहितो, आणि त्यात प्रत्येक फासा जणू त्याच्याच बुद्धीने पडलेला असतो. मला पराभूताचा वृत्तांत अधिक विश्वासार्ह वाटतो, कारण राखीव घोडदळ केव्हा आणि का पुढे काढले, याचा हिशेब त्याला द्यावाच लागतो. फोंड्याच्या किल्ल्यावरची १६८३ ची पोर्तुगीज स्वारी, जिच्यातून विजरईला, म्हणजे गोव्याच्या पोर्तुगीज राज्यपालाला, संभाजी महाराजांच्या सैन्यापुढे माघार घ्यावी लागली, ती आमच्यापैकी कुणी पटावर मांडलीच, तर पोर्तुगीज बाजूने खेळणाऱ्याचा वृत्तांत मी आधी वाचेन.