गो, वेंट, गॉन

शिकवणीला येणारी पोरं 'गो, वेंट, गॉन' घोकायला लागली की मला 'वेंड' आठवतं. हे जुनं इंग्रजी क्रियापद. मूळ अर्थ वळणं, मग वाट धरणं, जाणं. 'सेंड'चं 'सेंट', तसं 'वेंड'चं 'वेंट'. 'गो'साठी जुन्या इंग्रजीत 'एओडे' असं भूतकाळी रूप होतं. १५व्या शतकाच्या सुमारास 'वेंट'ने त्याची जागा बळकावली. बिचाऱ्या 'वेंड'ला मग नवं 'वेंडेड' करून घ्यावं लागलं! आज ते उरलंय मुख्यतः 'वेंड वन्स वे'मध्ये, रमतगमत वाट चालणं या अर्थी.

"इंग्रजीला काही नियमच नाही, बाई," पोरं कुरकुरतात. मी म्हणते, आपलं तरी काय? 'जातो' आलं संस्कृत 'या' धातूवरून, 'गेला' आलं 'गत'वरून. घोका आता गुपचूप.